मनीऑर्डरीऐवजी माणूस

कोकणातल्या घरात जमिनीच्या वाटणीआधी मुलग्यांची वाटणी होऊन गेलेली असायची. थोरला देवाचा आणि बापाचा. पालखीचा मान त्याचा, गाऱ्हाण्याचा नारळ त्याच्या हातात, खळ्यात बापाच्या शेजारची जागा त्याची. धाकटा आईचा. मधला असेल तो मुंबईचा. हे कुणी बसून ठरवत नसे, त्यामुळे त्यावर भांडणही होत नसे. देवगड तालुक्यातल्या आमच्या घरात तर हे इतकं सहज घडलं, की काही घडलं होतं असं आत्याशिवाय कुणाला वाटतही नव्हतं.

मधल्या काकांबद्दल मला जे ठाऊक आहे ते गजालींतून. आत्याच्या गजाली, मुंबईतल्या आमच्या गावच्या खोलीची वह्या-पुस्तकं सांभाळणाऱ्या तात्यांच्या गजाली, आणि फार उशिरा बोलू लागलेल्या माझ्या बाबांच्या. त्या एकमेकींशी जुळत नाहीत. आत्याच्या गजालीतले काका उंबऱ्याच्या आत आले की गप्प होतात. तात्यांच्या गजालीतले काका भजनात झांज वाजवतात, खोलीतली भांडणं सोडवतात आणि नव्याने आलेल्या पोराला गिरणीच्या मुकादमापुढे उभं करून त्याची वकिली करतात. दोघंही खरंच सांगतात. माणूस एकच होता, घरं दोन होती.

17 जुलै 1947 ला, ऐन गटारी अमावास्येला, मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. ती आमच्या बंदराला लागणारी बोट नव्हती, पण बातमी हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत प्रत्येक बंदरात पोचली आणि त्या पावसाळ्यात मुंबईचं नाव काढायला माणसं भ्यायली. पुढच्या वर्षी पाऊस सरला, बोटी सुरू झाल्या. घरात नाचणी-वरीवर वर्ष निघत नव्हतं, कुणीतरी जायलाच हवं होतं. आजोबा म्हणाले, थोरला गेला तर देवाचं कोण बघणार? आजीने धाकट्याला, म्हणजे माझ्या बाबांना, पदराआड घेतलं. ते तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होते, त्यांना कुणी पाठवणारही नव्हतं, तरी घेतलं. मधले काका तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे. किनाऱ्यावरून पडावात बसले, पडावातून बोटीवर चढले आणि दुसऱ्या दिवशी भाऊच्या धक्क्याला उतरले.

‘‘त्यांच्या बोटीचं भय नाही वाटलं कुणाला?’’ मी आत्याला विचारलं होतं.

‘‘वाटला मां,’’ आत्या म्हणाली. ‘‘पण ता सोसवण्यासारख्या भय होता.’’

आजोबा चातुर्मासात पोथी वाचत. तीत हरिश्चंद्राची कथा येई; स्मशानात डोंबाघरी राबणाऱ्या हरिश्चंद्राची नव्हे, त्याआधीची. मूळ कथा ऐतरेय ब्राह्मणातली. वरुणाला मुलगा द्यायचं कबूल करून हरिश्चंद्र टाळाटाळ करतो, वरुणाच्या कोपाने त्याला जलोदर होतो. मुलगा रोहित रानात फिरत असतो, तिथे त्याला अजीगर्त नावाचा उपाशी ब्राह्मण भेटतो. त्याला तीन मुलगे. शंभर गाई देतो, माझ्याऐवजी बळी द्यायला एक मुलगा दे, असं रोहित म्हणतो. बाप थोरल्याला जवळ ओढतो, आई धाकट्याला. उरतो तो मधला, शुनःशेप. त्याला यूपाला, यज्ञाच्या खांबाला, बांधायला कुणी तयार होत नाही, तेव्हा आणखी शंभर गाई घेऊन बापच बांधतो. मारायला कुणी पुढे येत नाही, तेव्हा आणखी शंभर घेऊन बापच शस्त्र परजत येतो. मुलगा देवांची स्तुती करू लागतो, एकेक पाश गळून पडतो, आणि तिकडे राजाचा आजारही उतरतो.

आजोबा इथवर वाचून पोथी बांधून ठेवत. पुढे एकदा रजेवर आलेल्या काकांनी त्यांना विचारलं होतं, ‘‘मगे तो घराक गेलो काय?’’ आजोबांनी उत्तर दिलं नाही, असं आत्या सांगते.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी 1854 साली ताडदेवला काढली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी या पट्ट्यात धुरांडी उभी राहिली आणि त्यांच्या खाली राबणाऱ्यांत सर्वांत मोठा गट होता तो जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसांचा. सिंधुदुर्ग त्यातून 1 मे 1981 ला वेगळा झाला. माणूस मुंबईत, कुटुंब गावी, आणि मध्ये टपालखातं. मनीऑर्डर 1880 साली सुरू झाली. कोकणाने तिच्यावर शंभर वर्षं संसार केला.

काका गिरणीच्या त्रासनखात्यात, म्हणजे सूतकताईत लागले, आधी बदली. बदलीवाल्याने भोंग्याआधी दारात उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर त्याच्या जागी आत जायचं, नाहीतर परत फिरायचं. तीन-चार वर्षांनी कायम झाले. महिन्याच्या पगारानंतर दोन-चार दिवसांत मनीऑर्डर निघे. खालच्या कुपनावर दोन ओळी लिहायची सोय असायची. आंब्याला मोहोर आला काय, म्हशीचं रेडकू कसं आहे, असं ते विचारत. घरून उत्तर जाई ते कौलांचं, बियाण्याचं, धाकट्याच्या फीचं. मोहोराचं उत्तर कुणी लिहिलं नाही. पत्रं लिहीत ते थोरले काका आणि त्यांना ते लिहिण्यासारखं वाटलं नसावं. बाबांचं मॅट्रिक, आत्याचं लग्न, पुढची पडवी, विहिरीचा कठडा, सगळं त्या मनीऑर्डरींतून उभं राहिलं. काकांचं लग्न तेवढं राहून गेलं. दरवर्षी ‘पुढच्या मे महिन्यात बघू’ असं ठरे. आत्या म्हणते, लग्न झालं असतं तर मनीऑर्डर निम्मी झाली असती, हे घरातल्या प्रत्येकाला कळत होतं आणि म्हणून कुणीच बोलत नव्हतं.

लालबागच्या चाळीत आमच्या गावची खोली होती. असल्या खोल्या त्या काळी गिरणगावात शेकड्यांनी. दहा बाय बाराची जागा, भाडं ग्रामस्थ मंडळाच्या वर्गणीतून, भिंतीला ट्रंकांची उतरंड, वर दोऱ्या, दोऱ्यांवर कपडे. गिरण्या तीन पाळ्यांत चालत म्हणून पंचवीस-तीस माणसं एका खोलीत मावत. एक झोपायला आला की दुसरा उठून कामाला जाई. बरेच जण गॅलरीत, जिन्यात, पावसाळा नसेल तर फुटपाथवर पथारी टाकत. नियम कडक होते. दारू पिऊन आत यायचं नाही, पाहुणा एका रात्रीपेक्षा जास्त ठेवायचा नाही, झाडलोट आणि पाणी पाळीप्रमाणे. जेवण शेजारच्या चाळीतल्या खाणावळीत. ती चालवणारी बाय वेंगुर्ल्याकडची. गिरणीतल्या माणसांना दोन वेळचं जेवू घालणाऱ्या अशा बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं; ही बायही त्यातली. पैसे महिन्याच्या महिन्याला, हिशेब तिच्या डोक्यात.

घरी काकांना ‘मधलो’ म्हणत. ‘दादा’ हा मान थोरल्यांकडे गेला होता. खोलीत माणसं येत-जात राहिली, कुणी लग्न करून वेगळी खोली केली, कुणी गावी परतलं; काका तिथेच राहिले, आणि सत्तरच्या सुमाराला सगळी खोली त्यांना दादा म्हणू लागली. त्यांना न विचारता गावच्या माणसाची नोकरी, भांडण किंवा अंत्यविधी, काहीच पुढे सरकत नसे. आमच्या घरी हे कुणाला माहीत नव्हतं. काका सांगत नसत आणि आम्ही विचारत नसू.

18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. पहिले काही महिने उमेदीत गेले. मग ट्रंकेतली किडुकमिडुक संपली आणि माणसं गावी परतू लागली. काकाही आले.

आत्या तेव्हा माहेरी आली होती. ती सांगते, ‘‘ह्या खेपेक मनीऑर्डरीऐवजी माणूस इलो. घराक काय करूचा ताच कळाना.’’ चार दिवस पाहुणचार झाला. मग थोरल्या काकूने जेवणाआधी तांदूळ मोजायला सुरुवात केली. कुणी वाईट वागलं नाही. काकांची पथारी मात्र पडवीत पडली, त्यांच्याच पैशांनी बांधलेल्या पडवीत. गणपतीत घराणं गाऱ्हाण्याला उभं राहिलं तेव्हा थोरले काका पुढे, बाबा त्यांच्या बाजूला, आणि मधले काका मागे, शेजाऱ्यांत. आत्याला मी विचारलं, तू कुठे होतीस? ती हसली. ‘‘मी? मी तर हिशेबातच नव्हतंय.’’ दसऱ्याआधी काका मुंबईला निघून गेले. कुठल्याशा इमारतीत रात्रीचे वॉचमन लागले आणि मनीऑर्डर पुन्हा सुरू झाली, रक्कम तिसऱ्या हिश्शावर आली एवढंच.

गिरणीत विडी ओढायला बंदी असे. कापसाच्या खात्यात ठिणगी कुणाला परवडणार? म्हणून तंबाखू. चुना लावून मळलेली चिमूट गालात धरायची आणि आठ तास काढायचे. पंचेचाळिशी-पन्नाशीतल्या कितीतरी गिरणी कामगारांची तोंडं त्याने सडली. 1985 च्या सुमाराला काकांना जिभेच्या मुळाशी टोचायला लागलं. तोंड आलंय म्हणून त्यांनी तूप लावलं, जाईचा पाला चघळला. घास गिळता येईना तेव्हा तात्या त्यांना टाटाला घेऊन गेले.

टाटा मेमोरियल परळला उभं आहे 28 फेब्रुवारी 1941 पासून, आणि 1962 पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. समोर केईएम, 1926 चं. टाटाच्या रस्त्याला नाव आहे ते तिथल्याच एका गोवेकर सर्जनचं, डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचं. आसाम, बिहार, बंगालहून माणसं दोन-दोन दिवसांचा प्रवास करून तिथे येतात, फुटपाथवर चूल मांडतात, जमलं तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळवतात. गिरणगावातल्या माणसाला मात्र ती इमारत रोजच्या रस्त्यावरची. काकांनी पस्तीसेक वर्षं तिच्या अंगावरून जाताना हात जोडले होते, आत कोण असतं ते ठाऊक होतं म्हणून. आता फाइल त्यांच्या हातात आली. शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. शेक, म्हणजे किरणोपचार, द्यायचं ठरलं. मानेवर शाईने रेघा आखून दिल्या, त्या पुसायच्या नाहीत म्हणून सांगितलं.

खोलीत बैठक बसली. ही गजाल तात्यांनी मला फार सावकाश सांगितली. सगळेच काही एका बाजूने नव्हते. हा रोग पसरतो, पोरं घाबरतात, दादांनी घरी जावं, त्यांना दोन भाऊ आहेत, असं जुन्या सभासदांपैकीच काही जण म्हणाले. काका कोपऱ्यात ट्रंकेवर बसून ऐकत होते. पाठिंबा आला तो नव्या पोरांकडून. त्यांच्यापैकी कितीकांना काकांनीच कामाला लावलं होतं, गिरण्या बंद पडल्यावर भाजीच्या गाडीला भांडवल मिळवून दिलं होतं. एक पोरगा उठला आणि म्हणाला, ‘‘दादा खय जातले? आमी खोलयेत इलंव ते दादांच्या नावावर.’’

शुनःशेपाच्या कथेचा जो भाग आजोबा वाचत नसत, तो असा. सुटका झाल्यावर बाप त्याला घरी न्यायला येतो. मुलगा नकार देतो आणि विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसतो. विश्वामित्र त्याला आपला थोरला मुलगा करतो. त्याच्या एकशेएक मुलांपैकी वरचे पन्नास ते मानत नाहीत. मधला मधुच्छंदा आणि त्याच्या खालचे पन्नास मानतात. ज्याने ती कथा रचली, त्याला घरं चांगली कळत होती. आलेल्या माणसाला जागा करून देताना कुणाला सरकावं लागतं आणि कोण सरकत नाही, हे त्याने संख्येनिशी लिहून ठेवलं.

खोलीने ठराव केला आणि पाळ्या लावल्या. शब्दही गिरणीतलाच वापरला. पहिल्या पाळीने काकांना शेकाला न्यायचं, रांगेत बसायचं, आणायचं. दुसऱ्या पाळीने खाणावळीतून पेज आणून चमच्याने भरवायची. बायने पेजेचे पैसे घेणं बंद केलं होतं. नाकात नळी बसवल्यावर तीच पेज ती कपड्यातून गाळून पातळ करून देई. रातपाळीने उशाशी जागायचं. गिरण्यांची धुरांडी तोवर एकेक करून विझत चालली होती, पण त्या खोलीत तिन्ही पाळ्या भरत होत्या. तात्यांच्या वहीत पाळीवाल्यांची नावं तारखेनिशी आहेत. गैरहजेरीच्या जागी बदलीचं नावही आहे.

काका त्या दिवसांत नुसते पडून नव्हते. शेक घेऊन झाला की टाटाच्या भिंतीलगत बसत. बोलणं तुटक झालं होतं, पण हातवारे करून नव्या लोकांना केसपेपर कुठे, रक्त कुठे द्यायचं, रॉकेल कुठे मिळतं ते दाखवत. एकदा बिहारकडचा एक बाप आणि त्याचा लहान मुलगा त्यांनी खोलीत आणून ठेवले. पाहुणा एका रात्रीपेक्षा जास्त नाही, हा नियम काकांनीच पूर्वी एकाला ऐकवला होता. ते दोघं आठवडाभर राहिले. वहीत त्यांची नोंद ‘दादांचे पाव्हणे’ अशी आहे.

1986 च्या सुरुवातीला खोलीची वार्षिक पूजा होती. काका उठू शकत नव्हते. नारळ दरवर्षी मंडळाच्या अध्यक्षाच्या हातात असे. त्या वर्षी तात्यांनी तो काकांच्या मांडीवर ठेवला आणि गाऱ्हाणं स्वतः घातलं. ‘‘बा देवा म्हाराजा, ह्यो आमचो मोठो माणूस आज आडवो पडलो हा. तेचो जो काय त्रास आसात तो आमी सगळ्यांनी वाटून घेतलो असा समज आणि तेका मोकळो कर रे म्हाराजा!’’ खोलीतून, गॅलरीतून, जिन्यातून एकदम उत्तर आलं, ‘‘व्हय म्हाराजा!’’ आमच्या घरच्या कुठल्याही गाऱ्हाण्यात काकांचं नाव तोवर वेगळं घेतलं गेलं नव्हतं. तात्या सांगतात, काकांनी नारळ घट्ट धरला आणि फोडायला मागितला तरी लवकर दिला नाही.

त्रास वाटून घेणं देवाला सांगायला सोपं होतं. दुखणं वाटलं जात नव्हतं. 1985 साली अमली पदार्थांविरुद्धचा कडक कायदा आला होता, मॉर्फिन बाळगणं परवान्यांच्या जंजाळात अडकलं आणि कॅन्सरच्या रुग्णाला घरी वेदनाशामक मिळणं दुरापास्त झालं. तो कायदा रुग्णांसाठी सैल व्हायला 2014 उजाडलं. शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना मोफत सांभाळणारं देशातलं पहिलं शुश्रूषागृह, ‘शांती अवेदना सदन’, डॉ. लुईस डिसोझा यांनी 1986 सालीच वांद्र्याला सुरू केलं. काकांपर्यंत ते पोचलं नाही. रातपाळीची पोरं त्यांचे पाय दाबत, हळू आवाजात भजन म्हणत, आणि दुखणं असह्य झालं की काका झांज मागत. वाजवत नसत, हातात धरून बसत.

पावसाळ्याच्या तोंडावर तार आली. थोरले काका आणि बाबा एसटीने मुंबईला गेले. बोटी तेव्हा पावसाळ्यात चालत नसत. ते पोचले तेव्हा माणूस होता. थोरल्या काकांनी गावी न्यायची तयारी दाखवली, मनापासून दाखवली असं बाबा सांगतात. काकांनी मान हलवली. पाटी मागवून तिच्यावर खडूने लिहिलं, ‘रातपाळी कोणाची?’ त्याच रातपाळीत ते गेले. भोईवाड्याच्या स्मशानात मडकं थोरल्या काकांनी धरलं, हक्काप्रमाणे. खांदा द्यायला मात्र त्यांना गर्दीतून वाट काढावी लागली, आणि ही माणसं कोण, हे बाबांना एकेकाला विचारावं लागलं.

बाबा हे सगळं बोलले ते सत्तरीत गेल्यावर. म्हणाले, ‘‘आम्ही त्याला विसरलो नव्हतो. दर महिन्याला वाट बघायचो.’’

आत्या तिथेच सुपारी कातरत होती. ‘‘तू पोस्टमनाची वाट बघी होतस,’’ ती म्हणाली. बाबांनी मान खाली घातली, पण नाही म्हणाले नाहीत.

त्यांच्या पिढीत वाईट असं कुणी नव्हतं. आजोबांना देवाची काळजी होती, आजीला लहानग्याची, थोरल्यांना घराची. सगळ्या काळज्या खऱ्या होत्या. त्या निभावायला एक माणूस हिशेबाच्या फक्त जमेच्या बाजूला असणं गरजेचं होतं, एवढंच. कोकणातल्या शेकडो घरांत तो एक माणूस होता, आणि गिरणगावातल्या खोल्यांनी त्याला खर्चाच्या बाजूलाही मांडलं: त्याच्यासाठी पेज, त्याच्यासाठी जागरण, त्याच्यासाठी मोडलेला नियम. आपल्यासाठी कुणी खर्ची पडतं, तेव्हा आपण त्या घरचे होतो.

निदान आजारपणाने तरी काकांना हक्काचं घर दिलं, असं मी एकदा आत्याला म्हणाले. तिला ते मुळीच पटलं नाही.

‘‘आजारपणान तेका काय एक देवक नाय गो चेडवा. घर तेका आदीच गावलला, चांगली तीस-पस्तीस वर्सां. आमका ता दिसला तेवा तो आडवो पडललो.’’